सोलणारे आणि खाणारे

डाळिंबाच्या बाबतीत माणसं दोनच जातीची: सोलणारी आणि खाणारी. आंबा ज्याचा त्यानं चोखावा, पेरूला थेट दात लावावेत. डाळिंब मात्र दुसऱ्या कुणी सोलून वाटीतून हातात दिलं तरच फळ. नाहीतर ते काम.

माझं माहेर नांदेड. गावाला गोदावरी, त्यामुळे आईचा हात पाण्याला सढळ. ती परातभर पाणी घेऊन त्यात डाळिंब बुडवूनच सोलायची. दाणे तळाशी बसतात, पांढरे कडू पापुद्रे वर तरंगतात आणि साडीवर शिंतोडा उडत नाही. लग्नानंतर लातूरच्या स्वयंपाकघरात मी तशीच परात मांडली. सासूबाई बघतच राहिल्या. "अगं, पाणी कशाला नासायलीस?"

त्यांची रीत कोरडी. मुकुटाकडची चकती कापायची, आतल्या पडद्यांच्या रेषांवर सालीला उभ्या चिरा द्यायच्या, फळ हातानं उकलायचं, अर्धुक तळहातावर उपडं धरायचं आणि पाठीवर लाटण्याचे टोले. दाणे बोटांच्या फटीतून भांड्यात, थोडे ओट्यावर, एखादा थेट कॅलेंडरवरच्या एकादशीवर. मला हा प्रकार फार आडदांड वाटे. पुढे २०१६ चा उन्हाळा आला. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणींतून पाच लाख लिटर घेऊन. टँकरपुढे घागर घेऊन उभं राहिल्यावर परातीतलं डाळिंब म्हणजे निजामाच्या मुदपाकखान्यातला थाट वाटायला लागला. लाटणं मी मुकाट्यानं उचललं.

झाडाची तऱ्हा मात्र उलटी. बहार धरायचा तर शेतकरी आधी पाणी तोडतो, झाडाला ताण देतो. पानं गळतात, छाटणी होते, मग खतपाणी मिळालं की झाड लालभडक फुलांनी लगडतं. त्या वर्षी लातूरकरांनाही ताण भरपूर बसला. फुलं काही कुणाला आली नाहीत.

बाजार करणं सासूबाईंनी अजून माझ्यावर सोडलेलं नाही. गंजगोलाईत गाड्यासमोर उभ्या राहून त्या गुळगुळीत, चेंडूसारखी गोल फळं बाजूला सारतात. दाणे आत ठासून भरले की साल ताणली जाते, फळाला कडा येतात. असं कोनदार, हाताला जड लागणारं फळ त्या उचलतात. गाडेवाला चकचकीत फळ पुढे करत राहतो. त्याचं त्यांना ऐकूच येत नाही. घरी आल्यावर सालीसुद्धा वाया जात नाहीत, वाळवून खोकल्यासाठी डब्यात जातात. तो डबा पाहिला की घरातल्यांचा खोकला आपोआप थांबतो.

सासरे शुद्ध खाणाऱ्यांपैकी. वाटी आली की पेपर बाजूला ठेवतात. पाऊण तासाचं काम चार चमच्यांत संपवतात आणि म्हणतात, "या भगवा जातीचा नुसता रंगच. आमच्या वेळचं गणेश खायाला पाहिजे होतं. बी कशी, लागायचीच नाही." एवढं बोलून रिकामी वाटी पुढे करतात.