पक्षी वेळेवर येतात : हिवाळी सहलीच्या नवशिक्या आयोजकांसाठी

हिवाळ्यात एकट्याने पक्षी बघायला जाण्यासाठी कसल्याही मार्गदर्शनाची गरज नाही. दुर्बीण गळ्यात अडकवावी, थर्मासमध्ये चहा भरावा आणि निघावं. भानगड सुरू होते ती 'आपण सगळेच जाऊ या की!' या वाक्यापासून. सोसायटीच्या कोजागरीला किंवा शाळेच्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कोणीतरी हे बोलून मोकळं होतं आणि आयोजन मात्र भलत्याच्याच गळ्यात पडतं. ते तुमच्या गळ्यात पडलं असेल तर पुढचं वाचा. पुण्याहून भिगवणला जाऊन त्याच दिवशी परतायचं, असं धरून लिहितो आहे. नाशिककरांनी भिगवणच्या जागी नांदूर मध्यमेश्वर वाचावं आणि मराठवाड्यातल्या मंडळींनी जायकवाडी. पक्षी थोडे इकडचे तिकडे होतील, माणसं तीच राहतील.

तारीख

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारखेला सलीम अलींचा. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत पक्ष्यांचे फोटो येतात, ग्रुपला उधाण येतं आणि 'याच रविवारी निघू' असा ठराव होतो. तो हाणून पाडा. या जयंत्यांची पत्रिका पाहुण्या पक्ष्यांना गेलेली नसते. नोव्हेंबरात बदकं नुकती कुठे उतरू लागलेली असतात, आणि ज्याच्या पाण्यावर भिगवणचे पक्षी उतरतात ते उजनीचं धरण चांगल्या पावसाच्या वर्षी तुडुंब असतं.

तुडुंब धरण शेतकऱ्याला हवं, रोहिताला नको. रोहित म्हणजे तुमचा फ्लेमिंगो, ज्याच्यासाठी निम्मी गाडी भरणार आहे. हा पक्षी उथळ पाण्यात उभा राहतो, पाय आपटत गाळ ढवळतो, मान खाली सोडून चोच उलटी बुडवतो आणि त्या ढवळलेल्या पाण्यातून बारीकसारीक जीव गाळून घेतो. खोल पाण्यात हा उद्योग जमत नाही. कालव्यांना पाणी सुटत जातं, जलाशय उतरतो, काठचा गाळ उघडा पडतो, तेव्हा त्याची पंगत बसते. पाऊस जास्त झाला त्या वर्षी तो उशिरा येतो. म्हणून जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ धरा, आणि निघण्याआधी काठावरच्या कुंभारगावच्या एखाद्या नावाड्याला फोन करून पाणी किती उतरलंय ते विचारा. इंटरनेटवरच्या कुठल्याही लेखापेक्षा, या लेखापेक्षाही, त्याचं उत्तर खरं असतं.

आता ग्रुपवर मतदान घ्या. घेतलंच पाहिजे, नाहीतर हुकूमशहा म्हणतील. दोन रविवार द्या. बहुतेक जण दोन्हींवर खूण करतील, दोघेतिघे 'शनिवार जमेल का?' विचारतील आणि एक जण सुप्रभातचं गुलाबाचं फूल पाठवेल. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवांचे दिवस, त्यामुळे काकूमंडळींचे रविवार आधीच गेलेले असतात. त्या काळात हळदी-कुंकू बदकच काय ते मोकळं असतं, ते बारा महिने इथलंच. शेवटी तारीख तुम्हीच ठरवणार आहात. फक्त ती मतदान झाल्यावर जाहीर करा.

माणसं

दोन नावांत मावतील तेवढीच घ्या. त्याहून जास्त झाली की त्या सहलीचं नाव वऱ्हाड.

प्रत्येक गटात एक 'सायबेरिया' काका असतात. पाण्यावर जे काही तरंगताना दिसेल ते सायबेरियाहून आलं, असं त्यांचं मत असतं. पाणकावळाही त्यातून सुटत नाही. त्यांना गाडीतच, शक्यतो हडपसर ओलांडायच्या आत, सांगून टाका की फ्लेमिंगोंची मोठी वीण कच्छच्या रणात होते, म्हणजे पाहुणे शेजारच्या राज्यातले. चक्रवाक आणि पट्टकादंब हे तिबेट-लडाखकडचे, मध्य आशियातले. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो, आणि त्याला सात हजार मीटरच्या वर उडताना उपग्रहाच्या यंत्रांनी नोंदलेलं आहे. सायबेरियाचं नाव काढायचंच असेल तर तलवार बदकासाठी राखून ठेवा, तिथे ते चालतं. काका ऐकून घेतील, मान डोलावतील आणि नावेत बसल्यावर पुन्हा सायबेरिया म्हणतील. पण तुम्ही आपलं कर्तव्य केलेलं असेल.

दुसरे कॅमेरावाले. त्यांची लेन्स सीटवर बसते आणि माणूस पायाशी. त्यांना एका नावेत एकत्र बसवा. बाकीच्यांनी शिंकल्याबद्दल त्यांची बोलणी खाण्यापेक्षा हे बरं.

मुलांना न्यायचं का, हा प्रश्न ग्रुपवर नक्की निघेल. न्या. मोठी माणसं मोबाइलमध्ये रेंज शोधत असतात तेव्हा पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबून सूर मारणारा कवड्या खंड्या पहिल्यांदा एखाद्या आठ वर्षांच्या पोराला दिसतो.

एक गोष्ट थट्टेत न घेता करा. वाटेत आणि पोचल्यावर स्वच्छ स्वच्छतागृह कुठे आहे याची चौकशी आधी करून ठेवा आणि ती ग्रुपवर लिहा. पुरुष आयोजक हे हमखास विसरतात. मग बायका पहाटेपासून पाणी न पिता उन्हात नावेत बसतात आणि पुढच्या सहलीला नाव देत नाहीत.

कपडे आणि दुर्बीण

'मातकट, शेवाळी किंवा करड्या रंगाचे कपडे घाला' अशी सूचना द्या. ती सगळे वाचतील, अंगठाही दाखवतील. त्या दिवशी एक लिंबू रंगाचं जाकीट, एक भगवी टोपी आणि छातीवर फ्लेमिंगो छापलेले पांढरेशुभ्र टी-शर्ट घातलेलं एक अख्खं कुटुंब हजर होईल. काही बोलू नका, फोटोत बरं दिसतं.

दुर्बिणीबद्दल मात्र बोला. नवशिक्याला ८×४२ पुरते. आठ म्हणजे आठपट मोठं दिसणं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. 'माझी वीसपट आहे' म्हणणाऱ्याचा हेवा करू नका. जितकी पट जास्त तितका हात थरथरलेला दिसतो, आणि हलत्या नावेत त्याला पक्षी सापडेपर्यंत पक्षी दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो.

दुर्बीण वापरायला आदल्या संध्याकाळी गच्चीवर शिकवा, समोर पारवे असतातच. उजवं भिंग हाताने झाकून डाव्या डोळ्याने बघत मधलं चाक फिरवायचं. मग डावं झाकून उजव्या डोळ्याजवळची चकती फिरवायची. त्यानंतर ती चकती विसरून जायची, पुढे सगळं काम मधल्या चाकावर. आणि नजर पक्ष्यावरून न काढता दुर्बीण डोळ्यांकडे आणायची. पक्षी सोडून दुर्बिणीकडे बघितलं की सगळं आभाळ धुंडाळावं लागतं. एवढं जमलं तर निम्मी सहल यशस्वी. न जमलेल्यांची 'कुठाय? कुठाय?' ही आरोळी तुम्हाला दिवसभर ऐकू येईल.

निघण्याची वेळ

जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. पक्षी सकाळी चरतात, ऊन चढल्यावर सुस्तावतात. भिगवण पुण्याहून सुमारे शंभर किलोमीटर. गणित करा आणि आलेल्या उत्तरात एक तास मिळवा, कारण चहा हे गणितात न धरलेलं प्रकरण आहे. साडेचारला निघायचं असेल तर चार सांगा. तुम्ही अर्धा तास आधीचं सांगता हे ज्यांना ठाऊक आहे ते पावणेपाचला येतात, तेव्हा त्यांना साडेतीन सांगा. एक गृहस्थ मात्र खरोखरच सांगितल्या वेळी येतील, बंद दुकानाच्या पायरीवर कानटोपी घालून बसतील आणि दिवसभर ते ऐकवतील. तेही खर्चात धरा.

सोलापूर रस्त्याने लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत मागे पडलं की चौफुला येतो. इथली कला केंद्रं प्रसिद्ध आहेत. तुम्ही पहाटे तिथून जाता तेव्हा काही रसिक घरी निघालेले असतात. दोन्हीकडच्या डोळ्यांत सारखीच झोप असते, एकमेकांना हसू नये. चहा घ्या. मिसळ परतताना, यावर ठाम राहा. जाताना मिसळ खाल्लेला गट काठावर पोचतो तो ऊन डोक्यावर आल्यावरच.

पाण्यावर

इथवर तुम्ही आयोजक होता. आता सूत्रं नावाड्याकडे द्या आणि गप्प बसा. हा पोरगा मासेमारी करणाऱ्या घरातला असतो. जाळी कुठे लावलीत, गाळ कुठे लागतो, काल संध्याकाळी थवा कुठे उतरला, हे त्याला माहीत असतं. ऑस्प्रे, पेंटेड स्टॉर्क ही इंग्रजी नावंही तो तुमच्याहून सफाईने घेतो. त्याला 'फ्लेमिंगो कुठायत?' असं तीन-तीनदा विचारू नका, तो प्रश्न त्याला एवढ्यासाठीच आलेल्या लोकांकडून रोज ऐकावा लागतो. त्याऐवजी काठाकडे बघा. शेकाट्या लालभडक काटकुळ्या पायांवर चिखलात जपून पावलं टाकतोय. थापट्या बदक रुंद चोच पाण्याला लावून गोल गोल फिरतंय. दलदल भोवत्या लव्हाळ्यावरून कमी उंचीवर तरंगत आला की चांदव्यांचा काळा घोळका पाण्यावर पाय आपटत पळत सुटतो, थोडं अंतर जातो आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा बसतो. हे बघायला पैसे वेगळे पडत नाहीत, तरी बरेच जण बघत नाहीत.

ओळख पटवण्यावरून वाद होणारच. एक जण ॲप उघडेल, दुसरा पुस्तक, तिसरा आवाज. बहुमताने पक्षी ठरत नाही हे लक्षात ठेवा. बाभळीत बसलेला बारीक तपकिरी पक्षी दिसला आणि वाद पाच मिनिटांवर गेला, तर यादीत 'एक वटवट्या' असं लिहा आणि नाव पुढे न्या. पक्षीशास्त्राचं काही बिघडत नाही. नोंद ई-बर्डवर टाकणार असाल तर मात्र खात्रीचं तेवढंच टाका. 'बहुतेक होता' अशा नोंदी दुसऱ्या कोणाला तरी नंतर तपासत बसाव्या लागतात.

आता रोहितांचा थवा. नावाडी लांबूनच इंजिन बंद करील आणि बांबूने नाव रेटत नेईल. एका अंतरावर तो थांबेल. त्याला वाटेल तिथेच थांबेल, तुम्हाला वाटेल तिथे नाही. नेमकं याच वेळी कॅमेऱ्यांच्या नावेतून आवाज येईल, 'भाऊ, जरा पुढं घे, उडव ना!' उडताना पंखांखालचा गुलाबी-काळा रंग दिसतो आणि फोटोला भरपूर लाइक्स मिळतात, म्हणून हा हट्ट. तो चालू देऊ नका, वर शंभर-दोनशे रुपये सरकवले जात असतील तर अजिबातच नाही. रोहिताला उडायला पाण्यावर पळत वेग घ्यावा लागतो. एवढं सगळं करून तो चांगला चिखल सोडून वाईट चिखलात जाऊन बसतो आणि तासाभराने दुसरी नाव येते. रविवारी अशा किती नावा येतात ते काठावरच्या गाड्या मोजून कळेल. म्हणूनच रजा मिळत असेल तर मंगळवार-बुधवार बघा. आयोजक म्हणून तुम्हाला आवाज चढवायचा एकच हक्क आहे, तो उशिरा येणाऱ्यांवर वाया घालवू नका, इथे वापरा.

जेवण आणि हिशोब

दुपारचं जेवण गावातच घ्या. उजनीची चिलापी, तिखट रस्सा, बाजरी किंवा ज्वारीची भाकरी. शाकाहाऱ्यांसाठी पिठलं किंवा शेंगदाण्याची आमटी, पण किती ताटं ते आदल्या दिवशी सांगा. ऐनवेळी 'मी संकष्टी धरते' असं निघालं तर केळी गाडीत ठेवलेली बरी. शहरातून डबे नेऊ नका. काठावरच्या घरांना चार पैसे मिळाले तर पाण्यातली जाळी आणि पाण्यातले पक्षी एकमेकांना सांभाळून घेतात, आणि पुढच्या वर्षी तुमचा फोन उचलला जातो.

परतीच्या वाटेवर सगळे झोपतील. संध्याकाळी ग्रुपवर फोटो येतील, त्यातले निम्मे परस्परांचे. 'पुढच्या महिन्यात सिंहगड व्हॅली!' अशी घोषणा होईल, अनेक अंगठे वर होतील, आणि तिचं आयोजनही तुमच्याकडेच येईल, कारण गाडीवाल्याचा नंबर आता तुमच्याकडे आहे. डिझेल, टोल, नावा, जेवण आणि कोणी तरी न सांगता घेतलेल्या उसाच्या रसाचा हिशोब तुम्ही त्याच रात्री टाकाल. तो वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच दिसतील. पैसे दिसायला वेळ लागेल. दोन नावं उन्हाळ्यापर्यंत यादीत राहतात, त्यातलं एक काकांचं असतं आणि काकांना मागता येत नाही. तेव्हा वर्गणी निघण्याआधीच घ्या, गाडीत बसायच्याही आधी.