मिसिसिपी कळली, वडीगोद्री कधी कळणार?

2020 साली मिनियापोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा दाबून धरला. तो व्हिडिओ आपल्याकडच्या मोबाइलवरही फिरला. संताप खरा होता. पण त्याच मोबाइलमधले व्हॉट्सअॅप ग्रुप उघडून बघा. गाव एक आणि ग्रुप जातवार.

दुसऱ्याचा वर्णद्वेष किती चटकन कळतो!

अमेरिकेत वंश आणि वर्णद्वेष हा विद्यापीठात शिकायचा विषय आहे. कर्ज कुणाला नाकारलं, कुणाची शाळा कुठली, सगळं तिथे मोजून ठेवतात. 1930 च्या दशकात तिथल्या सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशेच रंगवले. काळ्यांच्या वस्त्यांना लाल रंग, म्हणजे तिथे कर्ज देणं धोक्याचं. अन्याय धडधडीत होता, पण कागदावर होता. आज अभ्यासक तोच कागद सरकारच्या तोंडावर धरतात.

आपल्याकडे नकाशा लागतच नाही. जालन्यात काय किंवा संभाजीनगरात काय, खोली भाड्याने बघायला जा. पहिला प्रश्न, आडनाव काय? त्यावरून अंदाज आला नाही तर, गाव कोणतं? तरीही नाही आला तर, पाहुणे कुठले? तिसऱ्या प्रश्नाला माणूस सापडतोच. मग कळतं, खोली कालच गेली.

ही कालच गेलेली खोली कुठल्या दप्तरात नोंदवली जाते?

1933 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. अॅलिसन आणि एलिझाबेथ डेव्हिस हे काळं जोडपं, बर्ली आणि मेरी गार्डनर हे गोरं जोडपं. दोन्ही जोडपी मिसिसिपीतल्या नॅचेझ या गावी राहायला गेली. डेव्हिस काळ्यांत राहिले, गार्डनर गोऱ्यांत. एकाच कामावर असूनही गावात उघडपणे बरोबरीने वावरायची सोय नव्हती, इतकं वातावरण गढूळ. जवळपास दोन वर्षं त्यांनी गाव वाचलं. कोण कुणाच्या घरी जेवतं, शेतमजुराचा हिशोब कोण लिहितं, कोण कुणापुढे टोपी काढतं. त्यातून 1941 मध्ये ‘डीप साउथ’ हे पुस्तक आलं. त्या समाजाला त्यांनी नाव काय दिलं? कास्ट. म्हणजे जात.

आपली जात त्यांनी उचलली. त्यांची चिकाटी आपण उचलली का?

1 सप्टेंबर 2023 ला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणाच्या ठिकाणी पोलिसांचा लाठीमार झाला. उपोषण करणारे मनोज जरांगे पाटील हे नाव घरोघरी गेलं. जून 2024 मध्ये तिथून हाकेच्या अंतरावर, वडीगोद्रीत, लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी उपोषणाला बसले. एकाच तालुक्यात दोन मांडव. दोन्हीकडे कॅमेरे गेले, मंत्री गेले, शिष्टमंडळं गेली.

दोन वर्षं राहायला कोण गेलं?

2024 च्याच जानेवारीत राज्य मागासवर्ग आयोगासाठी महाराष्ट्रभर घरोघर सर्वेक्षण झालं. शिक्षक, कर्मचारी मोबाइल घेऊन दारोदार फिरले आणि जेमतेम दीड आठवड्यात काम उरकलं. नॅचेझ या एका गावाला दोन वर्षं आणि अख्ख्या महाराष्ट्राला दीड आठवडा. या घाईत समाज कळत नाही, फक्त कोर्टात ठेवायला आकडे मिळतात.

हैदराबाद गॅझेटचंही तेच. निजामाच्या काळातली दप्तरं निघाली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना शोधून आणलं. पणजोबापुढे कुणबी, म्हणजे ओबीसीतली जात, लिहिलंय का, हे पाहायला तहसीलच्या पायऱ्या झिजल्या. हक्काचा पुरावा शोधणाऱ्याला दोष देण्याचं कारण नाही. पण शंभर वर्षांपूर्वीची जात शोधायला समिती नेमली जाते. मग आज त्या जातीमुळे कुणाला सोसायटीचं कर्ज मिळतं आणि कुणाला नाही, हे शोधायला कुणीच का नाही?

आरक्षणाचा तंटा अमेरिकेतही आहेच. अंतरवालीच्या दोनच महिने आधी, जून 2023 मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. निकाल पटो न पटो. पण त्या खटल्यात हार्वर्डला प्रवेशाची आकडेवारी उघडी करावी लागली आणि दोन्ही बाजूंचे अर्थतज्ज्ञ त्यावर तुटून पडले. आपल्याकडे 1931 नंतर देशभरातल्या सगळ्या जातींची मोजदाद छापून हाती आलेलीच नाही. येत्या जनगणनेत ती होणार म्हणतात.

भांडण आजचं आणि आकडा नव्वद वर्षांहून जुना.

खरं तर या अभ्यासाची वाट आपल्याच माणसांनी पाडली. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांची सुटका करणाऱ्या लोकांना. 9 मे 1916 ला बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. विद्यापीठाला लागूनच काळ्यांची हार्लेम वस्ती. 1946 मध्ये त्यांनी काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र पाठवून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या काळ्यांच्या निवेदनाची प्रत मागितली. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तीही ओकलंडच्या ब्लॅक पँथरकडे बघून. ही माणसं तिकडचं वाचायची ती इकडचं बदलायला.

दुसरी वाटही होती. भगतसिंग थिंद या पंजाबी माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व हवं होतं आणि कायद्याने ते गोऱ्यांना किंवा आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळायचं. त्याचे वकील सखाराम गणेश पंडित. युक्तिवाद काय? आमचा अशील उच्चवर्णीय आहे, आर्य आहे, म्हणून गोरा आहे. लग्नाच्या बाबतीत तुम्ही काळ्यांकडे जसं बघता तसंच आमचे उच्चवर्णीय आदिवासींकडे बघतात, हेही पुरावा म्हणून मांडलं. 1923 मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला.

जात पुढे करूनही गोरं होता आलं नाही.

ती सवय अजून सुटलेली नाही. 2020 मध्ये कॅलिफोर्निया सरकारने सिस्को कंपनीवर जातीच्या छळाचा खटला भरला. 2023 मध्ये सिअॅटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. तिकडे रंगावरून अडवलं तर आपण न्याय मागतो, आणि जातीचा कायदा आला की बदनामी झाली म्हणून ओरडतो. दोन्ही कसं चालेल?

म्हणून सांगणं सरळ आहे. मराठवाड्यातल्या समाजशास्त्राच्या विभागांनी दोन संशोधक जोडपी निवडावीत. एक अंतरवालीत, एक वडीगोद्रीत. दोन वर्षं. माईक नको, कॅमेरा नको. मोसंबीच्या बागेत तोडणीला कोण येतं, मजुरी कुणाच्या हातून मिळते, लग्नाची पत्रिका कुठल्या घरापर्यंत जाते आणि कुठे थांबते, लोकसभेच्या निकालानंतर कुणी कुणाच्या दुकानाची पायरी सोडली, हे लिहून काढा.

आणि तिसरं जोडपंही पाठवा. कारण या दोन मांडवांच्या गलक्यात एक वस्ती कुणाच्याच तोंडी नाही. बौद्धवाडा, मातंगवाडा. 1978 मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात जी घरं जळली ती याच वस्त्यांतली. विद्यापीठाच्या पाटीवर बाबासाहेबांचं नाव लागायला 1994 उजाडलं. त्या वस्तीला आज स्मशानभूमी आहे का? असली तर पावसाळ्यात तिरडी नेण्याइतका रस्ता आहे का? की रस्त्यातलं शेत कुणाचं, यावर अंत्यविधी अडतो?

प्रबंधाला विषय मिळत नाही म्हणणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी. अंबडची एसटी रोज सुटते.