दोन जेड आणि एक शेळी

हल्ली आमच्या कोडोलीत माणूस निवृत्त झाला, निवडून आला किंवा नुसता पाहुणा म्हणून व्यासपीठावर बसला, तरी त्याच्या हातात कुंडी येते. शाल-श्रीफळ मागे पडलं. नारळ बरा होता. संध्याकाळी फोडला, वाटणात घातला की सत्कार पचून जायचा. रोपाचं तसं नाही. सत्कार करणारा एकदा टाळ्या वाजवून मोकळा होतो आणि सत्कारमूर्ती पुढची कित्येक वर्षं पाणी घालत बसतो.

आमच्या घरी अशा दोन कुंड्या आल्या. दोन्हींवर चिठ्ठी एकच, ‘जेड’. दोन्ही झाडं सदाहरित, दोन्हींची पानं गुबगुबीत, दोन्हींचा मूळ मुलूख दक्षिण आफ्रिका. पण शेजारी ठेवली की फरक दिसतो. एकाचं खोड जाड, पानं मोठी आणि मांसल, उन्हात ठेवलं तर पानांच्या कडा लालसर होणार. हे क्रासुला ओव्हाटा. दुसऱ्याच्या फांद्या बारीक, तांबूस-तपकिरी, पानं नखाएवढी. हे पोर्टुलाकारिया आफ्रा. त्याच्या गावी त्याला स्पेकबूम म्हणतात. नर्सरीवाला दोघांनाही जेड म्हणतो, कारण त्याला दोन्ही खपवायची असतात. त्यानंतरची भानगड त्याची नाही.

क्रासुलाचा रुबाब पहिल्या दिवसापासून वेगळा. शेजारच्या अण्णांनी ते पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “हे पैशाचं झाड. आग्नेयेला ठेवा.” अण्णांना चिनी फेंगशुई आणि आपलं वास्तुशास्त्र यांत सरहद्द मान्य नाही. आग्नेयेला आमचं स्वयंपाकघर. तिथं गॅसच्या शेगडीजवळ ठेवलं असतं तर झाडाची कोशिंबीर व्हायच्या आधीच ते शिजलं असतं. शेवटी ते दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी बसलं आणि घरातल्या प्रत्येकानं त्याची काळजी घ्यायला सुरुवात केली.

इथंच त्याचे ग्रह फिरले. आमच्याकडे माया म्हणजे पाणी. पाहुणा आला, पाणी. लेकरू रडलं, पाणी. उसाला तर अख्खी वारणा नदी. सकाळी आत्तीनं तांब्याभर घातलं, शाळेतून आल्यावर पोरांनी बाटलीत उरलेलं ओतलं, संध्याकाळी दिवा लावताना आमच्या मंडळींनी “हे बिचारं कोरडंच की!” म्हणून आणखी घातलं. वर कुंडीत माती कोणती? तर शेतातली काळी, एकदा भिजली की आठवडाभर ओल न सोडणारी. क्रासुला पानांत आणि खोडात पाणी साठवून दुष्काळ काढणारं झाड. त्याला तहान सहन होते, पाहुणचार सहन होत नाही. श्रावण लागेपर्यंत बुंधा मऊ पडला आणि पाठोपाठ पानं गळू लागली. अण्णा म्हणाले, “पैसा टिकत न्हाई बघा तुमच्याकडं.”

गंमत म्हणजे गळलेल्या पानांनी धीर सोडला नाही. क्रासुलाचं एक धड पान कोरड्या मातीवर नुसतं टाकून विसरून गेलं तरी त्याला मुळं फुटतात, मग इवलं रोप. अट एवढीच की खरंच विसरायचं. आमच्या घरात विसरण्याचं काम माझ्याकडे असल्यामुळे वाण टिकलं.

स्पेकबूम मात्र दाराबाहेर, कंपाउंडच्या भिंतीवर राहिलं. त्याला कुणी पैशाचं म्हटलं नाही, त्यामुळे ते वाचलं. त्याची पहिली खरी विचारपूस आत्तीनं केली. एक पान तोडलं, तोंडात टाकलं, डोळे बारीक केले.

“आंबाट हाय की! घोळच ही. मोठ्या घरात दिल्याली.”

आत्तीला लॅटिन येत नाही, पण पोर्टुलाकारिया हे नाव देणाऱ्या विद्वानाच्या मनातही पोर्टुलाका, म्हणजे आपली घोळच होती. पुढच्या विद्वानांनी ते कूळ बदलून वेगळं केलं, पण आत्तीनं त्यांना जुमानलं नाही. घोळीची ताकातली भाजी ज्यानं खाल्ली आहे त्याला स्पेकबूमची चव परकी वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेतही माणसं त्याची पानं कच्ची, सॅलडमध्ये खातात. क्रासुलाच्या वाटेला मात्र जाऊ नये. कुत्र्या-मांजरांना त्यानं उलट्या होतात आणि आपण काही त्यांच्याहून फार वेगळे नाही.

आत्तीनं आणखी एक शोध लावला. उन्हाळ्यात सकाळी तोडलेलं पान जास्त आंबट लागतं, दुपारचं कमी. मी हे पुस्तकात शोधलं तर हा शोध दोनशे वर्षं जुना निघाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी आपल्याच देशात बसून पानफुटीची पानं दिवसभर चाखली आणि सकाळी आंबट, दुपारी बेचव असं लिहून कळवलं. ते १८१५ साली छापून आलं. पानफुटी ही क्रासुलाच्याच कुळातली, आणि या सगळ्या प्रकाराला शास्त्रज्ञांनी क्रासुलाच्याच कुळाचं नाव दिलं. आत्तीचं नाव कुठंच नाही.

या आंबटपणाचं कारण असं की ही झाडं रात्रपाळी करतात. दिवसा उन्हात पानांची छिद्रं उघडली तर पाणी उडून जाईल, म्हणून रात्री उघडायची, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, त्याचं आम्ल करून साठवायचं, आणि दिवस उगवला की दारं लावून आतल्या आत साखर करायची. पहाटेपर्यंत आम्ल साठतं, म्हणून पान आंबट. शेजारी वारणानगरला साखर कारखाना असलेल्या गावाला पाळीचं गणित नव्यानं शिकवायला नको. क्रासुला हा कायम रात्रपाळीचा कामगार. स्पेकबूम हिशेबी. पाणी भरपूर असलं की दिवसपाळी, टंचाई पडली की रात्रपाळी. हंगाम बघून पाळी बदलतं आणि त्यासाठी युनियनकडे जात नाही.

यावरूनच ‘हे झाड रात्री ऑक्सिजन देतं’ अशी जाहिरात निघाली. अण्णांनी ती ऐकून क्रासुलाचं पिल्लू उशाशी ठेवलं होतं. रात्री ते कार्बन डायऑक्साइड घेतं हे खरं, पण ऑक्सिजन सुटायला उजेड लागतोच. एवढं सांगितल्यावर अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी झोपताना दिवा चालू ठेवायला सुरुवात केली.

आता हत्तीकडे येतो, कारण स्पेकबूमची गोष्ट हत्तीशिवाय पुरी होत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप प्रांतात आड्डो नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. १९३१ साली ते झालं तेव्हा तिथं अकरा हत्ती उरले होते. आज सहाशेच्या वर आहेत. त्यांचा मोठा आधार हेच झाड. हत्ती ते वरून खातो. खाता खाता फांद्या मोडतो, पाडतो, तुडवतो, आणि पडलेली फांदी जिथं पडली तिथं मूळ धरते. खालचा, जमिनीला टेकलेला घेर शाबूत राहतो. म्हणजे हत्ती जेवतो आणि लागवडही होते. शेळ्या आल्या की उलटं होतं. त्या खालून खातात, घेरच संपवतात आणि झाड उघडं पडून मरतं. तिकडची हजारो हेक्टर स्पेकबूमची रानं अशीच उजाड झाली आणि आता सरकार फांद्या लावत फिरतंय.

कोडोलीत हत्तीची सोय होती तेव्हा स्पेकबूम नव्हतं. २००७ साली ज्योतिबाला अर्पण केलेला ‘सुंदर’ नावाचा हत्ती शेजारी वारणानगरातच असायचा. न्यायालयाच्या आदेशानं तो २०१४ साली बन्नेरघट्टाच्या उद्यानात गेला. आता चारा दारात आहे आणि गिऱ्हाईक बंगळुरूजवळ.

जागा रिकामी राहत नाही. गल्लीतल्या एका शेळीनं ती भरून काढली. आफ्रिकेतल्या शेळ्या खालून खात असतील, पण कोडोलीच्या शेळीला खालचं दिसतच नाही. तिची नजर कायम भिंतीवर. मागच्या दोन पायांवर उभी राहून तिनं आमचं स्पेकबूम थेट शेंड्यापासून, अस्सल हत्तीच्या पद्धतीनं खाल्लं. निम्मं पोटात गेलं, निम्मं मोडून गटारीच्या कडेला पडलं. मंडळींनी शेळीच्या मालकिणीला सुनावलं, मालकिणीनं “जनावर हाय ते, त्येला काय कळतंय?” असा निर्वाळा दिला. महिन्याभरात गटारीच्या कडेला चार झुडपं उभी राहिली. जनावराला बरंच कळत होतं.

तेव्हापासून लोक मला सल्ला विचारतात. दोन्हींना मी एकच मिश्रण सांगतो. माती कमी, वाळू, मुरूम आणि विटांचे तुकडे जास्त, तळाला भोक मोकळं. पन्हाळा-ज्योतिबाच्या बाजूनं पाऊस उतरला की क्रासुला पत्र्याखाली घ्यायचं आणि बोट घालून माती पूर्ण कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही. घरात माणसं कमी, बोलणं कमी, सगळे दिवसभर बाहेर, अशा घरी क्रासुला छान वाढतं. थंडीत उजेड नीट मिळाला तर पांढरी-गुलाबी चांदण्यांसारखी फुलंही येतात. घरात पोरं, आत्ती, पाहुणे, दाराबाहेर शेळी असेल तर स्पेकबूम. तोडा, मोडा, छाटून कुंपण करा, बोन्साय करा, ते रुसत नाही. फक्त त्याचं पान लावून झाडाची वाट बघू नका. त्याची फांदीच लावायची.

अण्णा मात्र अजून मूळ मुद्द्यावर ठाम आहेत. “ते सगळं खरं, पण पैसा कुठलं देतं, ते सांगा.”

हिशेब आत्तीनंच केला. परवा तिनं स्पेकबूमचा कोवळा पाला खुडून, हरभऱ्याची डाळ आणि ताक घालून भाजी केली. घोळीची एक पेंडी वाचली. क्रासुलानं आजवर तेवढंही कमावलेलं नाही.