वॅटवर्धक

बसस्थानकामागच्या गॅरेजांच्या रांगेत ‘साउंड’ची पाटी लावलेले जे दुकान असते, तेथे वॅटवर्धक हा मनुष्यप्रकार हमखास आढळतो. मोटारीतील ॲम्प्लिफायर, म्हणजे टेपकडून आलेला क्षीण विद्युत्संदेश स्पीकरचा पडदा हलवण्याइतका बलवान करणारे यंत्र, कारखान्यातून अर्धवट अवस्थेतच बाहेर पडते आणि त्यात आणखी काही आउटपुट ट्रान्झिस्टर बसवल्यावाचून ते पूर्णत्वाला जात नाही, अशी त्याची दृढ धारणा असते. मूळ अभियंत्याने ट्रान्झिस्टरच्या दोनच जोड्या का बसवल्या, या प्रश्नाला ‘कंपनी पैसे वाचवते’ हे उत्तर त्याच्यापाशी तयार असते, आणि पंचाईत अशी की ते कधीकधी खरेही असते.

त्याचे सारे शास्त्र एका आकड्यावर उभे आहे. 2एससी5200 आणि 2एसए1943 हे तोशिबाचे दोन ट्रान्झिस्टर एकमेकांना पूरक असून, ध्वनिलहरीचा धन भाग एक उचलतो व ऋण भाग दुसरा. वॅटवर्धक या जोडीला नुसते ‘पेअर’ म्हणतो. यांच्या माहितीपत्रकात प्रत्येकी 150 वॅट असे छापलेले असते, आणि त्याचा अर्थ इतकाच की ट्रान्झिस्टरचे बाह्यांग 25 अंश सेल्सिअसवर ठेवता आले, तर तो तेवढी उष्णता जिवंत राहून सोसू शकतो. वॅटवर्धक हा आकडा ट्रान्झिस्टरची कमाई म्हणून वाचतो. चार पेअर म्हणजे आठ नग, आठ गुणिले 150 म्हणजे 1200 वॅट, हा हिशेब तो मार्करने झाकणावरच लिहून टाकतो. सोसण्याच्या क्षमतेला कर्तृत्व समजण्याची गफलत समाजात अन्यत्रही होते, पण तिचा असा गुणाकार सहसा कोणी करत नाही. मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या डिकीत ते 25 अंश कोठून आणायचे, हा प्रश्न माहितीपत्रकाने सोडवलेला नाही आणि वॅटवर्धकाला तो पडलेला नाही.

वस्तुतः स्पीकरला किती शक्ती मिळणार, हे ॲम्प्लिफायरच्या आतील पुरवठ्याचा व्होल्टेज आणि स्पीकरचा रोध, म्हणजे विद्युत्प्रवाहाला होणारा अडथळा, यांवर ठरते. ट्रान्झिस्टर वाढवल्याने प्रवाहाचा आणि उष्णतेचा भार फक्त अधिक जणांत वाटला जातो. 4 ओहमच्या जागी 2 ओहमचा स्पीकर जोडायचा असेल, तर ही वाटणी उपयोगी पडते, परंतु तेव्हाही बॅटरीकडून येणारा पुरवठा तेवढा लागतोच. ज्या यंत्राला 20 अँपिअरचा फ्यूज आहे, ते इंजिन चालू असताना मिळणाऱ्या 14 व्होल्टांवर सतत सुमारे 280 वॅटच घेऊ शकते, आणि त्यातलाही बराचसा भाग उष्णतेत जातो. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हे वॅटवर्धकाला लहानपणी शिकवलेले असते, पण म्हणून तो पोहरे वाढवायचे थांबवत नाही. फ्यूज उडाला, तर तो फ्यूजचा दुबळेपणा मानून तेथे तांब्याची तार गुंडाळली जाते. बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंदावू लागले, की यंत्र ‘खेचतंय’ असा निर्वाळा दिला जातो.

समांतर जोडलेल्या ट्रान्झिस्टरांचा एक स्वभावदोष येथे सांगितला पाहिजे. जो तापतो, त्याला चालू राहण्यास लागणारा व्होल्टेज दर अंशाला सुमारे 2 मिलिव्होल्टने घटतो, त्यामुळे तो आणखी प्रवाह ओढतो, म्हणून आणखी तापतो, आणि इतरांचे काम एकट्याने अंगावर घेऊन शेवटी जळतो. हे टाळण्यासाठी प्रत्येकाच्या एमिटर नावाच्या टोकाला 0.22 ओहमसारखा लहानसा रोधक लावतात. वॅटवर्धकाच्या मते रोधक आवाज ‘अडवतो’, म्हणून तो काढला जातो. मग एक नग शॉर्ट होतो, स्पीकरवर सरळ डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, येतो आणि कॉइलचा वास दुकानभर पसरतो.

तोवर मात्र समाधान दोन्ही बाजूंना असते. शक्ती खरोखर दुप्पट झाली, तरी ध्वनीची पातळी 3 डेसिबलनेच वाढते आणि आवाज दुप्पट वाटायला शक्ती साधारण दहापट लागते. असे असूनही काम झाल्यावर वॅटवर्धकाला मोठा फरक ऐकू येतो, आणि ज्याने पैसे मोजलेले असतात त्या गिऱ्हाइकाला त्याहून मोठा.

जळाल्यानंतरचे निदान ठरलेले असते: “भाऊ, माल डुप्लिकेट निघाला.” बाजारात या क्रमांकांचे बनावट ट्रान्झिस्टर खरोखरच विपुल असल्यामुळे या निदानाला कोणी आव्हान देऊ शकत नाही, आणि वॅटवर्धक पुन्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन, या वेळी ओरिजिनलच हवा, असे काउंटरवर बजावतो. दुकानदार मान हलवतो, दोन खोके पुढे ओढतो आणि गंभीरपणे विचारतो, “ओरिजिनलमध्ये कितीवाला देऊ?”