घरातल्या घरात विक्री

२०१३ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या प्रीमियर लीगने क्लबांच्या तोट्याला मर्यादा घातली: तीन वर्षांत १०.५ कोटी पौंड. तेवढे बुडवले तर व्यवहार चोख, वर गेले तर गुण कापले जाणार. २०२३-२४ मध्ये एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचे गुण कापलेही गेले. त्यांच्याकडे बहुधा हॉटेले नसावीत.

चेल्सीकडे होती, तीही स्टेडियमलाच लागून. २०२२ मध्ये टॉड बोली आणि क्लिअरलेक कॅपिटल यांनी हा क्लब २५० कोटी पौंडांना घेतला आणि खेळाडूंची खरेदी सढळ हाताने सुरू केली. एन्झो फर्नांडेझला सुमारे १०.७ कोटी पौंड मोजून साडेआठ वर्षांचा करार दिला. किंमत करारभर वाटली जात असल्याने वह्यांत दरवर्षी जेमतेम सव्वा कोटीच दिसले. युरोपीय फुटबॉल संघटना युएफाने आणि मग लीगने ही वाटणी पाच वर्षांवर आणली. दरम्यान, २०२३ मध्ये दोन हॉटेले मालकांच्याच दुसऱ्या कंपनीला ७.६५ कोटींना विकली गेली. पुढच्या वर्षी महिला संघही सुमारे २० कोटींना घरच्याच कंपनीत नांदायला गेला आणि २०२३-२४ च्या ताळेबंदात चक्क नफा उगवला.

लीगला यात वावगे दिसले नाही. युएफाने अशी विक्री हिशेबात धरली नाही आणि २०२५ मध्ये ३.१ कोटी युरोंचा दंड केला. स्टॅमफर्ड ब्रिज या चेल्सीच्या स्टेडियमच्या जमिनीची मालकी मात्र चाहत्यांच्या ‘चेल्सी पिच ओनर्स’कडे आहे, तिला हात लावता येत नाही.