आत्याचा वेढा

वसईच्या किल्ल्यात हल्ली लढाई होते ती सावलीतल्या कमानीसाठी. एका कमानीखाली प्री-वेडिंगचं एक जोडपं, दुसरीखाली दुसरं, आणि मधोमध पिशवी काखोटीला मारून आमची आत्या.

"काकू, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय," फोटोग्राफर ओरडला.

"मी फ्रेममध्ये येतेय की तू माझ्या किल्ल्यात?" आत्या जागची हलली नाही.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या पदरात टाकली. त्यांनी तटाच्या आत अख्खं शहरच थाटलं: चर्च, मठ, कॉलेज, हवेल्या. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत बड्या पोर्तुगिजांची थडगी आहेत, वर कुलचिन्हं कोरलेल्या शिळा. अशाच एका खानदानी शिळेवर मेकअपचा डबा उघडा पडला होता आणि भावी नवरी त्यातून लिपस्टिक शोधत होती.

"इथल्या घंटा कुठे गेल्या रे?"

"१७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वेढा घातला, बुरुजाखाली सुरुंग उडवले. मे महिन्यात किल्ला पडला आणि घंटा मराठ्यांनी नेल्या. नाशकात नारोशंकराला एक, मेणवलीला एक, भीमाशंकराला एक."

"अगंबाई! भीमाशंकराची तर मी वाजवलीय." आत्या थोडा वेळ गप्प. "म्हणजे बदलीच की. काम तेच, खातं दुसरं."

पुढची हकिगत सांगायला मला जरा जड जातं. होळकरांनी पुण्याजवळ धूळ चारल्यावर दुसरे बाजीराव आश्रयाला आले ते याच वसईत. चुलत आजोबांनी जीव पणाला लावून घेतलेल्या या गावात नातवाने इंग्रजांच्या तैनाती फौजेचा तह पत्करला. तारीख ३१ डिसेंबर १८०२.

"थर्टीफर्स्टला कुणी कशावर सही करू नये," आत्या म्हणाली. एवढं नेमकं विश्लेषण मला कॉलेजातही मिळालं नव्हतं.

किल्लाबंदरला वलांडीवर बोंबील वाळत होते. आत्याने तिथे वेढा दिला. पण कोळीणमावशी बधल्या नाहीत. अखेर तह मावशींच्याच अटींवर झाला: भाव पुरा, वर मूठभर जवळा फुकट. विरारहून खच्चून भरून आलेल्या लोकलमध्ये त्या पिशवीने मात्र पराक्रम केला. अंधेरीपर्यंत आम्ही दोघं ऐसपैस बसून आलो.