मेंढ्याचं शिंग आणि स्टीलची वाटी

ज्युबिली या शब्दाचा उगम मेंढ्याच्या शिंगात आहे. हिब्रूत ‘योव्हेल’ म्हणजे मेंढा, आणि त्याचं फुंकायचं शिंगही. एकोणपन्नास वर्षं मोजायची आणि पन्नासाव्या वर्षासाठी प्रायश्चित्ताच्या दिवशी शिंग फुंकायचं, असं बायबलमधल्या ‘लेवीय’ या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय सांगतो. शिंग वाजलं की अडचणीपायी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत. पोटासाठी दुसऱ्याच्या दारी राबणारा माणूस आपल्या घरी परत. त्या वर्षी पेरणी नाही, कापणी नाही. सत्कारमूर्तींचा परिचय तर नाहीच. जमिनीचा भावसुद्धा पुढच्या ज्युबिलीला किती पिकं उरली यावर ठरायचा. नाव विक्रीचं, हिशेब खंडाचा!

घोळ झाला तो लॅटिनमध्ये. शब्द ग्रीकमार्गे तिथे पोचला, तर ‘आनंदानं आरोळी ठोकणे’ अशा अर्थाचं ‘ज्युबिलारे’ हे क्रियापद तिथे आधीच नांदत होतं. दोघांचा रक्ताचा संबंध नाही; पण आडनाव जुळल्यावर आपल्याकडे कुलदैवत विचारून भाऊबंदकी जोडतात, तसं झालं. जमिनीचं मागे पडलं, आरोळी पुढे आली. पोप बोनिफेस आठवे यांनी १३०० साली रोममध्ये ज्युबिली वर्ष पाळलं, ते शंभर वर्षांतून एकदा यायचं होतं. पुढच्या पोपांना एवढा धीर कुठला? १४७५ पर्यंत अंतर पंचविसावर आलं. हिंदी सिनेमानं वर्षांचे आठवडे केले आणि राजेंद्रकुमार ‘जुबिली कुमार’ झाले.

आमच्या पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवात मी अध्यक्षांना हे सगळं ऐकवलं. म्हटलं, “अण्णा, पन्नासाव्याला सगळं परत, तर पंचविसाव्याला निदान निम्मं कर्ज सुटायला हवं.”

अण्णा म्हणाले, “शिंगाचं म्हणताय ना? तुतारीवाला सांगितलाय की!”

तुतारी वाजली. प्रत्येक सभासदाला संस्थेचं नाव कोरलेली स्टीलची वाटी मिळाली. माझा हप्ता ठरल्या तारखेला खात्यातून गेला.

त्या अध्यायात एक कलम मात्र एखाद्या बिल्डरनं घालून घेतल्यासारखं आहे. तटबंदीच्या शहरातलं विकलेलं घर वर्षाच्या आत सोडवून घेतलं नाही, तर ते कायमचं घेणाऱ्याचं. ज्युबिलीतही परत मिळत नाही. तेव्हा शहरातला फ्लॅट विकून पस्तावलेल्यांनी शिंगाकडे कान लावून बसू नये.